कस्टिस इस्टेटीची वाटणी: वॉशिंग्टन 153 माणसांना मुक्त का करू शकले नाहीत?

पोटोमॅककाठचा

उत्तर व्हर्जिनियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, भारतातून पाहुणे आले की त्यांना जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन दाखवणे चुकत नाही, त्यामुळे ते घर मी आता इतक्या वेळा पाहिले आहे की वाटाड्याचे काम मीच करू शकेन. या उन्हाळ्यात माझे मामा आले होते. त्यांची सारी नोकरी जमीन मोजणी आणि फेरफार नोंदी यांत गेली आहे. वाटाड्याने सांगितले की 1799 साली या मळ्यांवर 317 गुलाम माणसे होती, त्यांतली 123 वॉशिंग्टन यांच्या मालकीची होती आणि त्यांना त्यांनी मृत्युपत्राने मुक्त केले, परंतु 153 माणसांना ते मुक्त करू शकले नाहीत, कारण ती ‘कस्टिस इस्टेटीची’ होती. उरलेली बहुतेक एका शेजारणीकडून भाड्याने घेतलेली होती. बाकीचे पाहुणे पुढच्या दालनात गेले, मामा मात्र तिथेच थांबले आणि त्यांनी मला विचारले, “म्हणजे ही 153 माणसे नेमकी कोणाच्या सातबाऱ्यावर होती?”

मला उत्तर देता आले नाही. मार्था वॉशिंग्टन यांचे पहिले पती डॅनियल पार्क कस्टिस हे मोठे जमीनदार होते, 1757 साली ते वारले, एवढेच मला ठाऊक आहे. चाळीस वर्षे संसार केलेल्या पत्नीकडून आलेल्या मालमत्तेबाबत, राष्ट्राध्यक्षपद भूषवलेल्या माणसाचे हात खरोखरच बांधलेले होते, की ती एक सोयीची सबब होती? येथील कायदेतज्ज्ञांनी आणि इतिहासप्रेमींनी कृपया प्रकाश टाकावा.

रिकामटेकडा

मामांना आमचा साष्टांग नमस्कार. अमेरिकेत जाऊनही ज्याला प्रथम सातबारा आठवतो तो खरा महसुली माणूस.

वकिलीण_काकू

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर वाटणीतच दडलेले आहे, म्हणून वाटणी आधी नीट मांडते.

डॅनियल कस्टिस 8 जुलै 1757 रोजी न्यू केंट परगण्यातील ‘व्हाइट हाउस’ या आपल्या मळ्यावर मृत्युपत्र न करता वारले. (राष्ट्राध्यक्षांच्या निवासाशी या नावाचा संबंध नाही.) मागे 26 वर्षांची विधवा मार्था, पावणेतीन वर्षांचा मुलगा जॉन ऊर्फ जॅकी आणि वर्षभराची मुलगी पॅट्सी. इस्टेट 17,500 एकरांहून अधिक, गुलाम माणसे तीनशेच्या आसपास, शिवाय लंडनच्या व्यापाऱ्यांकडे जमा असलेला पैसा. मृत्युपत्र नसल्यामुळे सगळे कायद्याच्या सूत्राने विभागले गेले.

ते सूत्र असे. जमिनीचा एक तृतीयांश भाग विधवेला, पण केवळ तिच्या हयातीपुरता. तिने त्याचे उत्पन्न खावे, मात्र तो विकू नये, दान देऊ नये, मृत्युपत्राने कोणाला ठेवू नये. उरलेली सर्व जमीन ज्येष्ठ मुलाला, आणि विधवेच्या पश्चात तिचा तृतीयांशही त्यालाच किंवा त्याच्या वारसांना. मुलीला जमिनीत काही नाही. रोख रक्कम आणि जंगम वस्तूंचे मात्र तीन सारखे भाग झाले आणि त्यातला मार्थाचा भाग पूर्ण मालकीचा होता.

आता गुलामांचे. ती जंगम की स्थावर? व्हर्जिनियाच्या 1705 च्या कायद्याने वारसाहक्कापुरते गुलामांना स्थावर ठरवले होते, म्हणजे माणसांची वाटणी जमिनीच्या नियमाने होत असे. म्हणून मार्थाच्या तृतीयांशात ऐंशीहून अधिक माणसे आली, तीही हयातीपुरतीच. मामांच्या भाषेत सांगायचे तर ही माणसे कस्टिस वारसांच्या सातबाऱ्यावर होती आणि मार्थाचे नाव ‘इतर अधिकार’ या रकान्यात होते.

6 जानेवारी 1759 रोजी तिने वॉशिंग्टन यांच्याशी विवाह केला, तेव्हा पतीला पत्नीच्या हक्काइतकाच हक्क मिळाला. जे तिलाच देता येत नव्हते ते तो कुठून देणार?

शंकेखोर

काकू, मांडणी स्वच्छ आहे, पण एक हिशेब जुळत नाही. वाटणीच्या वेळी ऐंशी-पंच्याऐंशी माणसे होती, तर 1799 साली 153 कशी झाली? हयातीपुरत्या हक्कात मूळ रक्कम दुप्पट होत नसते.

इतिहासवेडा

शंकेखोर यांच्या शंकेचे उत्तर व्हर्जिनियाच्या 1662 च्या कायद्यात आहे. जन्मलेले मूल आईच्या स्थितीचे, बाप कोणीही असो. त्यामुळे वाटणीत मार्थाच्या भागात आलेल्या स्त्रियांची मुले, नातवंडे, सर्व आपोआप कस्टिस इस्टेटीची होत गेली. 1757 साली जन्मलीही नव्हती अशा माणसांची वाटणी त्या वर्षीच ठरलेली होती, असे म्हणावे लागते.

माउंट व्हर्ननवर दोन्ही मालकींची माणसे एकत्र राहत, एकमेकांशी विवाह करत. वॉशिंग्टन यांचा प्रसिद्ध स्वयंपाकी हर्क्युलिस त्यांच्या स्वतःच्या मालकीचा होता, परंतु त्याची पत्नी कस्टिस इस्टेटीची होती, म्हणून रिचमंड, एव्ही आणि डेलिया ही त्यांची तिन्ही मुले कस्टिस इस्टेटीची. हर्क्युलिस 22 फेब्रुवारी 1797 रोजी, म्हणजे नेमका मालकाच्या वाढदिवशी पळून गेला. पुढे मृत्युपत्रानुसार तो कायद्यानेही मुक्त झाला. मुले मात्र गुलामच राहिली.

एकओळी

एका घरात दोन खाती, आणि खातेफोड झाली ती नवरा-बायकोतून.

खोतवाडी

आमच्या कोकणात खोतीच्या तक्षिमा आण्या-पैंत मोजत आणि आंब्याच्या एका कलमाचे सात वाटेकरी मी स्वतः पाहिले आहेत, तरीही माणसांच्या वाटणीची कल्पना करताना अंगावर काटा येतो. प्रश्न असा की, ही वाटणी प्रत्यक्षात करत कसे? माणसांचे तीन ढीग करून चिठ्ठ्या टाकत काय?

वकिलीण_काकू

खोतवाडी, आधी यादी होत असे. न्यायालयाने नेमलेले शेजारपाजारचे जमीनदार मळ्यामळ्यांवर जाऊन भांडी, गुरे, तंबाखू, पलंग आणि माणसे यांची एकाच कागदावर नोंद करत आणि प्रत्येकासमोर किंमत लिहीत. वय झालेल्या माणसासमोर कधी कधी शून्यही लिहिलेले आढळते. मग जमीन आणि माणसे यांचा तृतीयांश नेमून दिला जाई. कस्टिस इस्टेटीची जमीन अनेक परगण्यांत पसरलेली होती, त्यामुळे हे काम लांबले आणि वॉशिंग्टन यांच्याशी विवाह झाल्यानंतरच पुरे झाले.

पुढे वॉशिंग्टन दोन्ही मुलांचे पालक म्हणून दरवर्षी न्यायालयाला हिशेब सादर करत. जॅकीचे बूट, पॅट्सीची औषधे, सारे ज्याच्या त्याच्या खाती. आपल्याकडे अज्ञान मुलांच्या पालकांनी असे हिशेब ठेवले असते तर माझ्यासारख्यांचा निम्मा धंदा बुडाला असता.

शंकेखोर

हिशेब चोख होते हे मान्य, परंतु त्या चोखपणात वॉशिंग्टन यांचा लाभही होता, हे विसरून चालणार नाही. पॅट्सी अपस्माराने आजारी असे. 19 जून 1773 रोजी ती सतराव्या वर्षी वारली. तिच्या वाट्याला आलेली सोळा हजार पौंडांच्या घरातली मालमत्ता निम्मी जॅकीला आणि निम्मी मार्थाला, म्हणजे त्या काळच्या कायद्याप्रमाणे पतीला मिळाली. त्यातून त्यांनी लंडनचे देणे फेडले. दुःख खरे होते, यात शंका नाही. तिच्या मृत्यूविषयीचे त्यांचे पत्र वाचवत नाही. पण वाटणीने त्यांना नेहमी अडवलेच, असे चित्र उभे करणे योग्य होणार नाही.

इतिहासवेडा

याहून मोठी गंमत माउंट व्हर्ननच्याच मालकीची आहे. वॉशिंग्टन यांचे वडील ऑगस्टिन 1743 साली वारले, तेव्हा मृत्युपत्राने ही जागा थोरला सावत्र भाऊ लॉरेन्स याला गेली. अकरा वर्षांच्या जॉर्जला रॅपाहॅनॉक नदीकाठचा लहान मळा आणि दहा गुलाम मिळाले. लॉरेन्स 1752 साली वारले आणि माउंट व्हर्नन त्यांच्या विधवेकडे, ॲन यांच्याकडे, हयातीपुरते गेले. ॲन यांनी दुसरा विवाह केला आणि डिसेंबर 1754 मध्ये ते घर धाकट्या दिराला भाडेपट्ट्याने दिले. भाडे वर्षाला 15,000 पौंड वजनाचा तंबाखू किंवा तितकी रक्कम. 1761 साली ॲन वारल्या तेव्हाच जॉर्ज खरे मालक झाले.

म्हणजे पंतप्रधान असो वा राष्ट्राध्यक्ष, वहिनीला भाडे चुकत नाही.

रिकामटेकडा

इतिहासवेडा, राष्ट्राध्यक्ष व्हायला तेव्हा 35 वर्षे अवकाश होता. पण तंबाखूत भाडे देणारा भाडेकरू आमच्या वाड्यात असता तर आजोबांनी त्याला कधीच जाऊ दिले नसते.

मांडवीतीर

मी गोव्याचा. आमच्याकडे पोर्तुगीजांची 1867 ची नागरी संहिता 1870 पासून लागू झाली आणि तिच्या वारसाहक्काचा गाभा आजही टिकून आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, म्हणून विधवा भाटकारीण (जमीनदारीण) निम्म्याची पूर्ण मालकीण असते. उरलेल्या निम्म्याचे वारस ठरवण्यासाठी ‘इन्व्हेंतार’ होतो, यादी बनते आणि एखादी वस्तू वारसांपैकी दोघांना हवी असेल तर त्यांच्यात बोली लागते. मुलगा-मुलगी भेद नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, वसाहतीतला प्रत्येक कायदा विधवेला हयातीपुरताच हक्क देत होता असे नव्हे. व्हर्जिनियाच्या जमीनदारांनी इंग्लंडची पद्धत उचलली, कारण तिने इस्टेट एका हाती राहत असे.

वकिलीण_काकू

मांडवीतीर यांचा मुद्दा मोलाचा आहे. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर 1937 च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत जो हिस्सा मिळाला, तोही मर्यादितच होता, आणि 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 ने त्याचे पूर्ण मालकीत रूपांतर केले. हयातीपुरता हक्क म्हणजे काय, हे माझ्या आजीला समजावून सांगावे लागले नसते. “शेत माझे, पण विहिरीचा दगडही हलवायचा नाही,” असे ती म्हणायची. तथापि आजीच्या शेतात माणसे मोजलेली नव्हती, म्हणून ही तुलना मी इथेच थांबवते.

पोटोमॅककाठचा

सर्वांचे आभार. मामांना रोज संध्याकाळी हा धागा वाचून दाखवतो आहे. त्यांची पुढची शंका अशी की, 1757 च्या आधी तरी ही इस्टेट निर्वेध होती काय? “इतकी मोठी मिळकत आणि दावा नाही, हे शक्य नाही,” असे ते ठामपणे म्हणतात.

इतिहासवेडा

मामांचा अंदाज अचूक आहे. कस्टिस घराण्यावर एक दावा पिढ्यान्‌पिढ्या लटकत होता.

डॅनियल यांचे मातामह डॅनियल पार्क हे कॅरिबियन समुद्रातील लीवर्ड बेटांचे गव्हर्नर होते आणि डिसेंबर 1710 मध्ये अँटिग्वात जमावाने त्यांना ठार केले. मृत्युपत्र उघडले तेव्हा व्हर्जिनियातील औरस मुलींना कळले की बेटांवरची सर्व मालमत्ता वडिलांनी एका अनौरस मुलीला ठेवली आहे, अट इतकीच की तिने पार्क हे आडनाव चालवावे. व्हर्जिनिया आणि इंग्लंडमधील मालमत्ता थोरल्या फ्रान्सिसला, धाकट्या लूसीला एक हजार पौंड. आणि कर्जे फेडण्याची जबाबदारी फ्रान्सिसवर. लूसीचे पती विल्यम बर्ड यांनी जमिनीच्या मोहाने ती कर्जे आपल्या शिरावर घेतली आणि पुढे अनेक वर्षे पस्तावले. मग अँटिग्वाच्या शाखेने, म्हणजे त्या अनौरस मुलीच्या बाजूने, कस्टिस कुटुंबावर दावा लावला की बेटांवरची देणीही व्हर्जिनियाच्या मालमत्तेतूनच भागली पाहिजेत. हा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपिलापर्यंत गेला आणि डॅनियल वारले तेव्हाही जिवंत होता. वॉशिंग्टन यांनी मार्थाशी विवाह केला तो या दाव्यासह.

जाता जाता, फ्रान्सिसचे पती आणि डॅनियल यांचे वडील जॉन कस्टिस यांचे पत्नीशी इतके बिनसलेले होते की आपण 71 वर्षांचे होऊनही फक्त सात वर्षे जगलो, ती म्हणजे ब्रह्मचारी असतानाची, असे त्यांनी आपल्या थडग्यावर कोरायला सांगितले, आणि मुलाचा वाटा तो मजकूर कोरण्यावर अवलंबून ठेवला.

एकओळी

दगडावरचे लिखाण, फेरफार नोंद करता येत नाही.

शंकेखोर

मूळ प्रश्नाकडे वळू या, कारण मला काकूंचे “तो कुठून देणार?” हे वाक्य पुरेसे वाटत नाही. देता येत नव्हते हे खरे, पण विकत घेता आले असते. जॅकी 5 नोव्हेंबर 1781 रोजी, स्वातंत्र्ययुद्धातील यॉर्कटाउनच्या वेढ्यानंतर छावणीच्या तापाने, वडिलांप्रमाणेच मृत्युपत्र न करता वारला. त्याची चार मुले मार्थाच्या तृतीयांशाची पुढची वारस ठरली. तिन्ही नाती 1799 पर्यंत विवाहित झाल्या होत्या. त्यांच्याशी आणि त्यांच्या पतींशी व्यवहार करून हिस्से विकत घ्यायला वॉशिंग्टन यांना कोणी अडवले होते? मृत्युपत्रासोबत त्यांनी जोडलेल्या मालमत्तेच्या यादीची बेरीज 5,30,000 डॉलर होते.

दुसरे असे की, पेनसिल्व्हेनियात सहा महिने राहिलेला गुलाम तिथल्या 1780 च्या कायद्याप्रमाणे मुक्त होऊ शकत असे, म्हणून राष्ट्राध्यक्ष असताना ते फिलाडेल्फियातील, म्हणजे तिथे असलेल्या तेव्हाच्या राजधानीतील, आपल्या माणसांना मुदतीच्या आत बाहेर पाठवत. 1791 च्या पत्रात कारणही दिले आहे: इस्टेटीची माणसे सुटली तर त्यांची भरपाई आपल्याला करावी लागेल. बांधलेल्या हातांनी इतकी खटपट होत नाही.

वकिलीण_काकू

शंकेखोर, आपला आक्षेप मी अर्धा मान्य करते. विकत घेण्याचा मार्ग कायद्याने खुला होता. मात्र ती यादी जवळजवळ सगळी जमिनीची आहे, आणि 1789 साली स्वतःच्या शपथविधीसाठी न्यूयॉर्कला जायला त्यांना कर्ज काढावे लागले होते. राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात त्यांनी माउंट व्हर्ननचे चार मळे भाडेपट्ट्याने द्यायचे ठरवले आणि आपल्या सचिवाला गुप्तपणे लिहिले की यामागे गुलामांना मुक्त करण्याचाही हेतू आहे. योग्य भाडेकरू मिळाले नाहीत. जॅकीच्या विधवेचे दुसरे पती डेव्हिड स्टुअर्ट यांच्याशी इस्टेटीच्या माणसांबाबत पत्रव्यवहारही झाला, पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही.

भरपाईविषयी आपण म्हणता ते खरे आहे, आणि ते माझ्याच मुद्द्याला बळ देते. हयातीपुरता हक्क असणाऱ्याने मूळ मालमत्ता घटवली तर वारसांना ती भरून द्यावी लागते. मात्र ज्या माणसांबाबत हा नियम लावला जात होता, त्यांच्या बाजूने पाहिले की त्याचे खरे रूप दिसते. ओना जज ही मार्थाची खास दासी इस्टेटीची होती. नात एलिझाबेथच्या विवाहानंतर आपल्याला तिच्याकडे देणार, हे कळताच 21 मे 1796 रोजी ती फिलाडेल्फियाहून निघून गेली, न्यू हॅम्पशायरमध्ये तिने एका मुक्त खलाशाशी विवाह केला आणि 1848 साली वारली, तोवर कायद्याने ती पळालेली मालमत्ताच होती, तिची मुलेही.

मांडवीतीर

आणि पुढे त्या 153 जणांचे काय झाले?

इतिहासवेडा

वॉशिंग्टन 14 डिसेंबर 1799 रोजी वारले. त्यांचे स्वतःचे 123 जण मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त व्हायचे होते, कारण दोन्ही गटांत विवाह झालेले असल्याने आधी ताटातूट नको, असे मृत्युपत्रातच लिहिले आहे. फक्त विल्यम ली हा त्यांचा जुना सेवक तत्काळ मुक्त झाला. पण आपल्या मृत्यूवर शंभरांहून अधिक लोकांची मुक्ती अवलंबून आहे, ही स्थिती मार्थाला सोसवेना. डिसेंबर 1800 मध्ये भेटीला आलेल्या ॲबिगेल ॲडम्स (तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या पत्नी) यांनी लिहून ठेवले आहे की तिला स्वतःच्या जिवाची भीती वाटत होती. 1 जानेवारी 1801 रोजी तिने त्यांना मुक्त केले. तेव्हा कित्येकांसमोर प्रश्न उभा राहिला की मुक्त होऊन निघून जावे, की अजून गुलाम असलेल्या पत्नीजवळ आणि मुलांजवळ राहावे.

22 मे 1802 रोजी मार्था वारली आणि 1757 च्या वाटणीचा उरलेला तृतीयांश अखेर चार नातवंडांत विभागला गेला: एलिझाबेथ लॉ, मार्था पीटर, नेली लुईस आणि जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस. चार घरे, चार मळे, आणि त्यांनुसार फुटलेली कुटुंबे. माउंट व्हर्ननचे घर मात्र कस्टिस वारसांकडे गेले नाही, ते वॉशिंग्टन यांच्या पुतण्याला मिळाले.

धाकट्या नातवाने आपल्या वाट्यातून आर्लिंग्टनचा मळा उभा केला. 1857 साली तो वारला. मृत्युपत्रात त्याने गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करण्यास सांगितले होते, परंतु नातींना द्यायचे प्रत्येकी 10,000 डॉलर आधी उभे करायचे होते. व्यवस्थापक होते त्याचे जावई रॉबर्ट ली, तेच पुढे यादवी युद्धातील दक्षिणेचे सेनापती. त्यांनी न्यायालयाकडे मुदतवाढ मागितली, ती मिळाली नाही, आणि 29 डिसेंबर 1862 रोजी ऐन युद्धात मुक्तिपत्रावर सही करावी लागली.

शंकेखोर

म्हणजे 1802 नंतर त्या चौघांचे हात तरी मोकळे होते. व्हर्जिनियाच्या 1782 च्या कायद्याने मालकाला स्वतःच्या गुलामांना मुक्त करता येत होते. तेव्हाच्या वाट्यातल्या माणसांना त्यांतल्या कोणी तेव्हाच सरसकट मुक्त केले, असे माझ्या वाचनात नाही. काकू, तेव्हा अडचण वाटणीची होती की इच्छेची?

वकिलीण_काकू

तेव्हा इच्छेचीच. हे पूर्ण मान्य.

खोतवाडी

आर्लिंग्टन म्हणजे ते लष्करी दफनस्थानच ना? ते लीच्या कुटुंबाकडून सरकारकडे कसे गेले?

वकिलीण_काकू

92 डॉलर आणि 7 सेंट कर थकला म्हणून. मालकिणीने, म्हणजे लीच्या पत्नीने, नातेवाइकाच्या हाती पैसे पाठवले. अधिकाऱ्यांनी मालकाने स्वतः हजर राहून भरावेत असा आग्रह धरला आणि जानेवारी 1864 मध्ये मळा लिलावात सरकारनेच 26,800 डॉलरांना घेतला. थोरल्या मुलाने दावा लावला, 1882 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि तोवर तिथे हजारो सैनिक पुरलेले असल्याने पुढच्या वर्षी सरकारने दीड लाख डॉलर देऊन ती जमीन पुन्हा, या वेळी रीतसर, विकत घेतली.

पोटोमॅककाठचा

मामांना काल विमानतळावर सोडायला गेलो होतो. शिकागोमार्गे जाणार असल्याने त्यांचे विमान शहरालगतच्या रेगन विमानतळावरून होते. तिथे वाहनतळांच्या दोन इमारतींमध्ये ॲबिंग्डन नावाच्या जुन्या घराचे विटांचे अवशेष जपून ठेवले आहेत. हे घर जॅकी कस्टिसने 24 वर्षांच्या चक्रवाढ व्याजाच्या करारावर घेतले होते आणि वॉशिंग्टन यांनी त्याला त्याबद्दल पत्रातून सुनावले होते. मामांनी पाटी सावकाश वाचली, चौथऱ्याची लांबी पावलांनी मोजली आणि विचारले, “आणि इथे राबणाऱ्यांची नावे कुठे आहेत?” त्या पाटीवर मला ती दिसली नाहीत. माउंट व्हर्ननच्या 1799 च्या यादीत आहेत, ती छापून मी त्यांच्या पिशवीत घातली आहे. विमानात त्यांनी पेन्सिलीने पती एका रंगात आणि पत्नी दुसऱ्या रंगात अशा खुणा करायला घेतल्याचा निरोप शिकागोहून आला आहे.